कोयनेचा भूकंप आणि कोयनाकाठचा माणूस

सातारा जिल्ह्याच्या इतिहासावर व्याख्यान आहे असे कळले की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते, ह्याची मला कल्पना आहे. अजिंक्यतारा उभा राहतो, छत्रपतींची गादी उभी राहते, प्रतापसिंह महाराजांना काशीस जावे लागले तो प्रसंग आठवतो, आणि अलीकडचे म्हटले तर १९४२ नंतरचे प्रतिसरकार. आपल्या रहिमतपुरातच रणदुल्लाखानाची कबर व मशीद आहे, तेव्हा इतिहास म्हणजे स्वाऱ्या, वेढे आणि तह, अशी आपली समजूत झाली असल्यास नवल नाही. आज ज्या घटनेविषयी मी बोलणार आहे तीत मात्र स्वारी नाही, तह नाही, आणि नायक म्हणावा असा कोणी पुरुषही नाही. ती घडली ह्याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, येथून सरळ रेषेने मोजले तर पन्नास किलोमीटरांच्या आसपास. दिवस सोमवार, ११ डिसेंबर १९६७. वेळ पहाटे ४ वाजून २१ मिनिटांची.

त्या घटनेला आता अर्धशतक उलटून गेले आहे. ज्यांनी ती अंगावर घेतली ती पिढी थकली, कितीक माणसे निघून गेली. अशा वेळी आठवणीचे रूपांतर दंतकथेत होऊ लागते, आणि नेमके तेव्हाच इतिहासाने पुढे व्हावयाचे असते.

आरंभ नदीपासून केला पाहिजे. कोयना महाबळेश्वरास उगम पावते आणि सह्याद्रीच्या कण्याला चिकटून सरळ दक्षिणेस धावते. सुमारे पासष्ट किलोमीटर असे धावल्यावर हेळवाकपाशी ती एकाएकी काटकोनात पूर्वेस वळते आणि पुढे कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते. नदीचे हे सरळ धावणे आणि एकदम वळणे भूगोलाच्या पुस्तकात मुलांकडून पाठ करून घेतात. पण नदी अशी का वळते, जमिनीच्या पोटात तिथे काही जुनी चीर आहे काय, हा प्रश्न १९६७ पूर्वी फारसा कोणी विचारला नव्हता.

ह्या खोऱ्यातली वस्ती म्हणजे घाटमाथ्यावरच्या लहान लहान वाड्या. दहावीस उंबऱ्यांची एक वाडी, तिच्यात एक किंवा दोन भावक्या, एक ग्रामदैवत. पावसाळ्यात चार महिने जगाशी संबंध तुटलेला. भात, नाचणी, वरी ही पिके. पैसा म्हणावा असा तो मुंबईहून यावयाचा. पाटण-जावळीचा तरुण गिरणीत, गोदीत किंवा मसजिद बंदराच्या बाजारात पाठीवर ओझी वाहावयास गेला नाही, असे घर विरळाच. शेताचे मोठे काम निघाले की इर्जिक घालावयाचे, म्हणजे सगळ्या वाडीने एकाच्या शेतात राबावयाचे आणि त्याने सर्वांना जेवू घालावयाचे. घर शाकारणे असो की मयत असो, माणूस एकटा पडत नसे. हे मी गावगाड्याचे गोडवे गाण्यासाठी सांगत नाही. त्याच गावगाड्यात कोणाचे घर कोठे असावे आणि पाणी कोणी कोठे भरावे ह्याचे निर्दय कायदेही होते. पण पुढे जे घडले त्यात ही परस्परांत गुंतलेली वस्ती उपयोगी पडली, एवढे नमूद केले पाहिजे.

ह्या खोऱ्यात धरण बांधण्याचा विचार जुना. टाटांच्या लोकांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत ही जागा हेरून ठेवली होती, परंतु ती योजना मागे पडली. स्वातंत्र्यानंतर तिला पुन्हा चालना मिळाली. कल्पना मोठी धाडसाची होती. पूर्वेस जाणारे पाणी अडवावयाचे, सह्याद्रीला बोगदा पाडून ते पश्चिमेस वळवावयाचे आणि पोफळीच्या बाजूला कोकणात खाली सोडून त्या उतारावर वीज करावयाची. पाया ते माथा १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. मागे पसरलेल्या जलाशयास शिवाजीसागर असे नाव मिळाले. १९६१-६२ पासून त्यात पाणी साठू लागले आणि १९६२ साली वीज वाहू लागली. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. नव्या राज्याला अभिमानाने दाखविण्यासारखे काही हवे होते, ते कोयनेने दिले. ह्या अभिमानात खोटे काहीच नव्हते.

पण पाण्याखाली काय गेले? शंभराच्या आसपास गावांना ह्या प्रकल्पाची झळ लागली. काही माणसे डोंगरावर वर सरकली, काहींना ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत पाठविण्यात आले. भावकी फुटली, एक भाऊ समुद्रकाठी, दुसरा माणदेशाच्या पलीकडे दुष्काळात. पुनर्वसनाचा राज्याचा कायदा झाला तो १९७६ साली. म्हणजे कोयनेच्या माणसाला घर सोडावे लागले तेव्हा त्याचा हक्क सांगणारा असा कायदाच नव्हता. सरकारची कृपा होती. कृपा आणि हक्क ह्यांतला फरक काय असतो हे ज्याला कृपेवर जगावे लागते त्यालाच कळते.

आता हादऱ्यांकडे वळू. पाणी साठू लागल्यापासून वर्षा-दोन वर्षांतच खोऱ्यात जमिनीखालून गुरगुर ऐकू येऊ लागली. तिच्याबरोबर बारीक हादरे येत. भांडी वाजत, कौले सरकत. लोकांनी तक्रारी केल्या आणि त्या ऐकल्याही गेल्या, हे सरकारच्या बाजूने सांगावयास हवे. पुण्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने १९६३ च्या सुमारास कोयनेच्या परिसरात भूकंपमापक यंत्रे बसविली आणि हादऱ्यांची नोंद सुरू झाली. हादरे जलाशयाच्या आसपासच होत आहेत, असे त्या नोंदींतून दिसू लागले. मग भीती का वाटली नाही? कारण दख्खनचे पठार म्हणजे अचल, असे त्या काळचे शास्त्र मानत होते. पृथ्वी हलते ती हिमालयात, आसामात, कच्छात. काळ्या कातळाच्या ह्या जाड थरावर बसलेल्या आपल्याला काय होणार? भूकंपाचे विभाग दाखविणाऱ्या नकाशातही हा भाग जवळजवळ निर्धोक धरलेला होता. धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी जी तरतूद केली ती गुरुत्वाकर्षणाच्या शेकडा ५ इतक्या जोराची. आणि त्या काळी ती पुरेशी समजली जाई.

१३ सप्टेंबर १९६७ रोजी पहिला मोठा धक्का आला. त्याने नुकसान थोडे केले. त्या वर्षी जलाशयातले पाणी पूर्वीच्या कोणत्याही वर्षापेक्षा अधिक काळ वरच्या पातळीवर राहिले होते. पुढे शास्त्रज्ञांनी ह्या गोष्टीवर बोट ठेवले. तेव्हा मात्र भरलेले धरण पाहून कोणालाही आनंदच व्हावयाचा.

डिसेंबर आला. भाताची झोडणी आटोपली होती, धान्य कणगीत पडले होते, खळ्याच्या कडेला पेंढ्यांच्या गंज्या रचल्या होत्या. मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष होता आणि चंद्र मध्यरात्रीनंतर मावळून गेला होता. घाटमाथ्यावरची थंडी, माणसे घोंगड्या पांघरून दारे लावून झोपलेली. वाऱ्याचे वादळ येते तेव्हा आभाळ भरून येते, झाडे वाकतात, माणूस निदान गुरे सोडतो आणि पोरे कवटाळतो. वावटळसुद्धा धुळीचा खांब दाखवीत येते. भूकंप एवढीही सवलत देत नाही. जमिनीतून प्रचंड आवाज झाला आणि त्याच क्षणी घरे हलू लागली. काही सेकंदांचा हा खेळ. जे जागे झाले त्यांना पडत्या भिंतींतून वाट काढावी लागली, आणि कित्येकांना जाग येण्यापूर्वीच सारे संपले.

धरणाच्या पोटातील सज्जात एक यंत्र बसविलेले होते. त्याने नोंदविलेला आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या शेकडा ६३ इतका भरला. पाच धरले होते, त्रेसष्ट आला! भूकंपाची तीव्रता निरनिराळ्या संस्थांनी ६.३ ते ६.६ च्या दरम्यान ठरविली. धक्का मुंबईत, पुण्यात, गोव्यात जाणवला. मुंबईत माणसे जिने उतरून रस्त्यावर आली, आणि कोयनेची वीज बंद पडल्याने कारखान्यांची चाके थांबली. पाटणचा गडी मुंबईच्या खोलीत दचकून उठला तेव्हा आपल्या गावाखालची जमीन फाटली आहे हे त्याला कोठून कळणार? कळले ते आकाशवाणीच्या बातम्यांवरून आणि संध्याकाळच्या वर्तमानपत्रांवरून. मग एस. टी. स्टँड आणि रेल्वे स्टेशनांकडे धाव सुरू झाली. धरणाच्या विजेवर चालणाऱ्या गिरणीतून मुलगा निघाला तो त्या धरणाच्या शेजारी कंदिलाच्या उजेडात राहणाऱ्या आईबापांना पाहावयास. कारण कोयनेकाठच्या बहुतेक वाड्यांवर त्या काळी विजेचा दिवा पोचलेला नव्हता.

त्या पहाटे खोऱ्यातल्या, आणि खाली कऱ्हाडपासून सांगलीपर्यंतच्या, प्रत्येक शहाण्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न आला असेल तो धरणाचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला, त्याला साडेसहा वर्षेदेखील झाली नव्हती. शिवाजीसागर पानशेतच्या कितीतरी पट मोठा. तो सुटला असता तर कृष्णाकाठाचे काय झाले असते ह्याची कल्पना करवत नाही. धरण उभे राहिले. त्याच्या उंच भागात, जिथे मागचा उतार एकदम बदलतो त्या पातळीवर, आडव्या भेगा पडल्या; त्या पुढे बुजविण्यात आल्या, पोलादी तारांनी ताण देण्यात आला, आणि नंतरच्या वर्षांत मागून काँक्रीटचे टेकू देऊन धरण अधिक भक्कम करण्यात आले. जगातील अभियंते आजही कोयना धरणाचा हा अनुभव अभ्यासतात. एवढा हादरा सोसून एवढे मोठे धरण उभे राहिल्याची उदाहरणे थोडी. ते बांधणाऱ्या अभियंत्यांना आणि मजुरांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

मात्र येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट बोचल्यावाचून राहत नाही. धरणाच्या कोणत्या खंडास कोणत्या पातळीवर भेग पडली हे आपल्याला क्रमांकानिशी सांगता येते. माणसे किती दगावली? एक आकडा १७७ चा, दुसरा १८० चा, तिसरा दोनशेचा. जखमी बावीसशेहून अधिक. भेगा मोजण्यात जी काटेकोर बुद्धी दिसते ती माणसे मोजताना कोठे गेली, असे मनात येते. अर्थात दुर्गम वाड्या, तुटलेले रस्ते, त्याच दिवशी उरकलेले अंत्यविधी, ही कारणे आहेतच.

सर्वांत अधिक हानी झाली ती कोयनानगरची, म्हणजे प्रकल्पाच्या वसाहतीची. तेथील शेकडा ८० हून अधिक घरांचे नुकसान झाले. आणि ह्यात एक विलक्षण गोष्ट दिसते, तिच्याकडे लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. वसाहतीतली बरीच बांधकामे ओबडधोबड दगडांची होती. बाहेरून पक्की, आतून भिंतीचे दोन पदर एकमेकांना न जखडलेले. जमीन आडवी हलली की असे दगड सुटतात आणि भिंत आत कोसळते. उलट डोंगरातल्या गरिबाचे घर म्हणजे जमिनीत रोवलेल्या लाकडी मेढी, त्यांवर आढे आणि वासे, कारवीच्या कुडाच्या शेणाने सारवलेल्या भिंती, वर गवत नाहीतर कौले. असे घर डुलते, वाकते, कललेले राहते. पण माणसाच्या अंगावर टनावारी ओझे टाकीत नाही. भूकंपानंतर पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांना लाकडी सांगाड्याची घरे दगडी घरांपेक्षा चांगली टिकल्याचे आढळले. ज्याला आपण कच्चे घर म्हणत होतो ते टिकले आणि ज्याला पक्के म्हणत होतो ते पडले.

ह्याची दुसरी बाजू आपल्याला सव्वीस वर्षांनी पाहावी लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरताना, लातूर-धाराशिवच्या सीमेवर किल्लारीला भूकंप झाला. तीव्रता कोयनेपेक्षा अधिक नव्हती. मृत्यू मात्र आठ ते दहा हजारांच्या घरात! तिकडे वस्ती दाट, घरे मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंतींची, आणि वर उन्हापासून बचाव म्हणून घातलेले हातहात जाडीचे मातीचे धाबे. कोयनेचा धडा किल्लारीच्या गवंड्यापर्यंत सव्वीस वर्षांत पोचला नाही. १९७० साली भूकंपाच्या नकाशात कोयनेचा भाग वरच्या धोक्याच्या विभागात घातला गेला हे खरे; पण नकाशा कचेरीत राहतो आणि गवंडी ओळंबा घेऊन गावात फिरतो. ह्या दोघांची गाठ घालून देणे हे कोणाचेच काम नव्हते.

पहिल्या धक्क्यानंतरचे दिवस त्या रात्रीपेक्षा कमी कठीण नव्हते. धक्के थांबेनात. त्याच महिन्यात पुन्हा मोठे धक्के आले. उभ्या राहिलेल्या घरातही कोणी झोपेना. माणसे शेतात, खळ्यावर, पेंढ्याच्या आडोशाला, गुरांच्या उबेला राहू लागली. कऱ्हाड-चिपळूण रस्त्याने मदत येऊ लागली. डॉक्टर आले, धान्य आले, घोंगड्या आल्या, पुढे तात्पुरते निवारे उभे राहिले. पण सडकेपासून दोन डोंगर पलीकडे असलेल्या वाडीला पहिल्या दिवसांत आधार होता तो वाडीचाच. दगड उपसणारे हात तेच, मृताला खांदा देणारे तेच, आणि ज्याची कणगी गाडली गेली त्याला शेर-पायली देणारेही तेच. वर म्हटलेले इर्जिक आता कोसळलेले घर उपसण्यासाठी घालावे लागले. अशा घटनांची दप्तरात नोंद होत नाही, कारण त्यांसाठी कोणी अर्ज करीत नाही.

आता वादाकडे येतो. भूकंप धरणामुळे झाला काय? खोऱ्यातल्या लोकांनी निर्णय केव्हाच दिला होता : पाणी कोंडले म्हणून जमीन रागावली. सुशिक्षित मंडळी हसली. सरकारी भूमिका सावध होती, आणि शास्त्रज्ञांत मतभेद होता. एक पक्ष म्हणे, हा नैसर्गिक भूकंप. धरण नसते तरी झालाच असता. ह्या पक्षाने जुने दाखले शोधले. त्यांत एक गमतीचा आहे. २६ मे १६१८ रोजी मुंबईस मोठा भूकंप होऊन दोन हजार माणसे मेली, अशी नोंद जुन्या याद्यांतून चालत आलेली होती. पुढे अभ्यासकांनी वर्णने तपासली तेव्हा तो भूकंप नसून समुद्रावरून आलेले भयंकर वादळ असावे, असे त्यांना दिसले. वाऱ्याने पाडलेली घरे भूकंपाच्या खात्यावर तीनशे वर्षे पडून होती! याद्या एकमेकींवरून उतरवून घेतल्या की असे होते. आम्हा इतिहासाच्या लोकांना ह्यात शास्त्रज्ञांना हसण्याचा अधिकार नाही.

दुसऱ्या पक्षाने जगाकडे पाहिले. अमेरिकेत हूव्हर धरणाच्या जलाशयापाशी १९३० नंतर हादरे नोंदले गेले होते. चीनमध्ये, आफ्रिकेत करीबाला, ग्रीसमध्ये क्रेमास्टाला, १९६२ ते १९६६ ह्या काळात जलाशय भरल्यानंतर सहाच्या आसपासचे भूकंप झाले होते. कोयना ह्या मालिकेत सर्वांत मोठी ठरली. हर्ष गुप्ता व बी. के. रस्तोगी ह्यांनी १९७६ साली धरणे आणि भूकंप ह्या विषयावर ग्रंथच लिहिला. पुढच्या दशकांत पुरावा साचत गेला. भूकंप होतात ते सुमारे तीस किलोमीटर लांब आणि वीस रुंद एवढ्याच पट्ट्यात. पावसाळ्यात जलाशय भरला की त्यानंतर त्यांची संख्या वाढते. आणि १९८५ नंतर दक्षिणेस, सांगली जिल्ह्याच्या कडेला, वारणेचा जलाशय भरू लागला तसे हादरेही त्या दिशेने सरकले. आज शास्त्रज्ञ साधारणपणे असे मानतात की चीर जुनी होती आणि ताण निसर्गाचा होता. खडकांच्या फटींतून खोल उतरलेल्या पाण्याच्या दाबाने ती चीर सुटली. म्हणजे धरणाने भूकंप निर्माण केला नाही, पण वेळेआधी बोलावून आणला. वाडीवरच्या म्हातारीचे म्हणणे ह्याहून फार वेगळे होते, असे मला वाटत नाही.

हे नीट समजावे म्हणून केंद्र सरकारने कऱ्हाडजवळ एक भूभौतिकी प्रयोगशाळा काढली, आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. ते काम २०१७ साली पुरे झाले. तेथे काळ्या कातळाचा थर सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली अतिशय पुरातन खडक लागला. ज्या थराच्या भरवशावर आपण निर्धास्त होतो त्याची जाडी एवढीच!

खोऱ्यातल्या माणसाच्या वाट्याला मात्र ह्या सर्व घडामोडींतून दोन शब्द आले. पहिला प्रकल्पग्रस्त, दुसरा भूकंपग्रस्त. मराठी भाषेने हे शब्द कोयनेपूर्वी फारसे वापरलेले दिसत नाहीत. आज ते सरकारी नोकरीच्या अर्जावर छापलेले असतात. पहिल्यासाठी शेकडा ५ आणि दुसऱ्यासाठी शेकडा २ जागांचे समांतर आरक्षण ठेवण्यात आले. एकाच घरात आजोबांची जमीन पाण्याखाली गेलेली आणि उरलेले घर १९६७ ला पडलेले, असे आढळते. अशा घरचा नातू दोन्ही दाखल्यांसाठी तहसील कचेरीत खेपा घालतो. पुढे १९८५ साली उरलेल्या रानात अभयारण्य झाले आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, तेव्हा त्याच डोंगरांतल्या आणखी काही वाड्यांना उठण्याचा विचार करावा लागला. प्रकल्पग्रस्तांच्या मागण्या अजून पुऱ्या झालेल्या नाहीत. २०१८ साली ते कोयनानगरला पुन्हा धरणे धरून बसले होते. धरणाच्या पायथ्याशी धरणे धरण्याची पाळी यावी, हा मराठी भाषेने केलेला कडू विनोद आहे.

धक्के अद्याप येतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी असतात : कोयना परिसराला भूकंपाचा सौम्य धक्का, तीव्रता अमुक, केंद्रबिंदू अमुक गावापासून अमुक किलोमीटरांवर, धरण सुरक्षित. पाटणकडची वयस्क माणसे ती बातमी वाचत नाहीत. भांडी वाजली तेव्हाच त्यांना ती कळलेली असते, आणि दाराला कडी न लावता झोपण्याची सवय त्या घरांतून अजून गेलेली नाही.